लोणावळ्याची सहल : घाट, लोहमार्ग आणि लेणी

लोणावळ्यास सहल नेताना केवळ थंड हवा व चिक्की यांवर न थांबता या गावाचे घाटाशी असलेले नाते विद्यार्थ्यांना समजावून द्यावे.

बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले व १८६३ च्या एप्रिलमध्ये मार्ग खुला झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये निवर्तल्यावर त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालविले. घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट असा तीव्र आहे. म्हणूनच घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना आजही कर्जत येथे मागून जादा इंजिने जोडतात. हे दृश्य मुलांना अवश्य दाखवावे.

त्यानंतर कार्ल्याचे लेणे पाहावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या चैत्यगृहाचे द्वार करणाऱ्या, धेनुकाकटच्या सामी नामक सुताराचे नाव तेथील ब्राह्मी लेखात कोरलेले आहे. याउलट, घाटातील बोगदे खोदण्यास एका वेळी ४०,००० हून अधिक मजूर होते. पटकीने व अपघातांनी त्यांतील अनेकांचे बळी घेतले. त्यांची नावे मात्र आपणांस ठाऊक नाहीत.

सहलीहून परतल्यावर गावची विहीर, शाळा व रस्ता कोणाच्या हातांनी झाला, हे वडीलधाऱ्यांस विचारून ती नावे मुलांकडून वहीत लिहवून घ्यावीत. इतिहासाचा खरा पाठ तोच होय.