कॅमेरा कोणाच्या हाती?

२००५ साली प्लेस्टेशन २ वर आलेला ‘गॉड ऑफ वॉर’ आज कुणी पहिल्यांदा खेळायला घेतला, की त्याची पहिली तक्रार ठरलेली असते: कॅमेरा फिरवताच येत नाही. हा खेळ ‘हॅक अँड स्लॅश’ प्रकारातला. एकटा नायक, हाती शस्त्र, चहूबाजूंनी अंगावर येणारे राक्षस आणि बटणांच्या जुळणीतून साधायचे वार. नायक कुठे जाईल हे खेळाडू ठरवतो. तो कुठून दिसेल हे मात्र खेळ बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेले असते. या बांधलेल्या नजरेला आज सर्रास जुन्या तंत्राची लंगडी बाजू म्हटले जाते. माझ्या मते या खेळांकडे पुन्हा वळायचे सर्वांत मोठे कारण तीच आहे.

या खेळातले वाळवंट पाहा. वावटळीतून क्रोनोस नावाचा महाकाय टायटन रांगत येतो आणि त्याच्या पाठीवर साखळदंडांनी एक अख्खे मंदिर बांधलेले असते. त्या दृश्यात आपला नायक क्रेटॉस मुंगीएवढा दिसतो, कारण कॅमेरा मुद्दाम दूर नेलेला आहे. तो खेळाडूच्या हाती असता, तर त्याने सवयीने नायकालाच मध्यभागी ठेवले असते आणि ही भव्यता हुकली असती. याचा परिणाम कंट्रोलरवरही दिसतो. नजर फिरवायची नसल्यामुळे उजवी स्टिक मोकळी राहिली आणि ती वार चुकवायला दिली गेली. लढाईला जी चपळाई आली, त्यात या वाटणीचा मोठा हात आहे.

नजर कुठून जावी हे बांधणाऱ्याने ठरवणे आपल्याकडे नवे नाही. बंगळुरूच्या बसवनगुडीत केंपेगौडांच्या काळातला, सोळाव्या शतकातला, सुमारे साडेचार मीटर उंचीचा एकाश्म नंदी आहे. प्रदक्षिणेच्या चिंचोळ्या वाटेने जाताना तो तुकड्यातुकड्यांनी दिसतो, पूर्ण दर्शन समोरूनच होते. तिथून जवळच गवीपुरमचे गवी गंगाधरेश्वर हे गुहामंदिर. त्याच्या अंगणात अखंड दगडातले त्रिशूळ, डमरू आणि दोन मोठ्या चकत्या उभ्या आहेत. मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी सूर्यकिरण तिथल्या नंदीच्या शिंगांमधून आत शिरून पिंडीवर पडतो. ही रेषा ज्यांनी साधली, त्यांनी पाहणाऱ्याला कुठूनही पाहायची मोकळीक दिली नाही. पाहण्याची जागा हाच त्यांच्या रचनेचा गाभा होता.

यावर तंत्र जाणणारे म्हणतील की हे सगळे नाइलाजाचे उदात्तीकरण आहे. प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी ३२ मेगाबाइट, म्हणजे आजच्या फोनवरचे आठ-दहा फोटोही तिच्यात जेमतेम मावतील. जे दिसणार नाही ते रेखाटायचे नाही, हा तेव्हा काटकसरीचा मार्ग होता. हे खरेच आहे. पण अडचण हेच एकमेव कारण असते, तर अडचण सरल्यावर ही पद्धतही संपली असती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ काढला. आधी निन्टेन्डो स्विचवर, मग इतर कन्सोलवर. यंत्रे कितीतरी पुढे गेलेली असूनही त्यांनी कॅमेरा बांधलेलाच ठेवला. चमू लहान होता, २०१७ मध्ये लोकवर्गणी जमवायचा प्रयत्न फसला होता, तेव्हा काटकसर इथेही असणारच. तरीही तिचा उपयोग त्यांनी कसा केला ते पाहण्यासारखे आहे. धाकटा भाऊ गोलूच्या शोधात निघालेली नायिका राजी किल्ल्याच्या तटावरून धावते तेव्हा कॅमेरा मागे सरतो आणि राजस्थानी धाटणीच्या महिरपी, झरोके, खालची दरी सगळे एका चौकटीत येते. ती भित्तिचित्रांपाशी थांबली की दुर्गा आणि विष्णू त्या चित्रातली कथा बोलू लागतात. कथेचे काही प्रसंग तर छायाबाहुल्यांनी रंगवले आहेत. पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ती भाषा लगेच ओळखीची वाटेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बांधलेल्या कॅमेऱ्यात उडीचा अंदाज चुकतो, चौकटीबाहेरचा शत्रू वार करून जातो. ‘राजी’तही लढाई हीच सर्वांत कच्ची बाजू आहे. भिंतीवर चढून, खांबाला गिरकी घेऊन त्रिशूळ चालवण्याची कल्पना सुरेख, पण गर्दी झाली की दूरच्या कॅमेऱ्यातून कोण कुठे आहे ते उमगत नाही. हा दोष मान्य करायलाच हवा. मात्र मोकळा कॅमेरा तो दूर करतो, असे समजणे चूक ठरेल. २०१८ च्या नव्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये कॅमेरा क्रेटॉसच्या खांद्यामागे आला आणि खेळ संपेपर्यंत एकदाही तोडला गेला नाही. त्यामुळे बापलेकाच्या कथेला जवळीक आली, आणि ती मोलाची आहे. पण पाठीमागचा राक्षस आता दिसेना, म्हणून त्याची चाहूल देणारे बाण नायकाभोवती दाखवावे लागले. उजवी स्टिकही नजर फिरवण्याच्या कामी लागली. म्हणजे दोन्ही पद्धतींत काहीतरी आड जातेच. जुन्या खेळात काय आड जाणार, हे निदान कुणीतरी विचारपूर्वक ठरवलेले होते.