१२० तासांचं काम कुणाकडे मागायचं?

नवं शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर वर्गांना २०२३ च्या जूनपासून आणि संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना २०२४ च्या जूनपासून लागू झालं. तेव्हापासून ‘ओजेटी’ घराघरात पोचली. ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घेतलेलं प्रशिक्षण. चार क्रेडिट, प्रत्येक क्रेडिटला ३० तास, असे एकूण १२० तास भरायचे. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. पदव्युत्तरला ते पहिल्याच वर्षात येतात, पदवीला बहुतेक अभ्यासक्रमांत तिसऱ्या वर्षात. २०२४ मध्ये बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला प्रवेश घेतलेली मोठी तुकडी २०२६-२७ मध्ये तिथे पोचते.

कल्पना उत्तम आहे. पण काम शोधण्याची जबाबदारी अखेर विद्यार्थ्यावरच येऊन पडते, आणि खरी गफलत तिथेच होते. ज्याचा मामा सीए आहे किंवा जिच्या आईची मैत्रीण प्रयोगशाळेत आहे, त्यांचं काम एका फोनवर होतं. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलाला तो फोन कुणाला करायचा हेच ठाऊक नसतं. मग शेवटच्या आठवड्यात कुणाच्या तरी दुकानाचा सही-शिक्का आणला जातो, लॉगबुक एका रात्रीत भरलं जातं आणि क्रेडिट मिळतात. या मुलांना मी दोष देणार नाही. ज्यांना या अनुभवाची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्याच वाट्याला कोरा कागद आला, याचं मला वाईट वाटतं. म्हणून मुलांना मदत करायची तर सल्ल्यांच्या आधी ओळखी द्यायला हव्यात.

दुसरी अडचण वेळेची. आपल्याकडे परीक्षा एप्रिल-मेपर्यंत चालतात आणि पेपर संपला की मुलं काम शोधायला निघतात. चांगल्या जागा मात्र त्याच्या कितीतरी आधी भरलेल्या असतात. रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर या काळात घेतले जातात. अर्थशास्त्र, वाणिज्य, संख्याशास्त्र, व्यवस्थापन, कायदा अशा विषयांच्या, शेवटून दुसऱ्या वर्षात असलेल्या जास्तीत जास्त १२५ विद्यार्थ्यांची निवड होते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे संशोधनासाठी पाठवतात. त्याचे अर्जही साधारण नोव्हेंबरच्या आसपास. थोडक्यात, उन्हाळ्याच्या कामाचा शोध दिवाळीच्या सुटीत सुरू व्हायला हवा. ही तारखांची यादी प्रत्येक कॉलेजच्या सूचना फलकावर सप्टेंबरमध्येच लागली पाहिजे. त्याला खर्च काहीच नाही.

तरीही बहुसंख्य मुलांचं काम रिझर्व्ह बँकेत होणार नाही, तालुक्यातच होणार आहे. आणि तालुक्यात कामं आहेत. फक्त त्यांचा हंगाम ओळखावा लागतो. गावची पतसंस्था किंवा अर्बन बँक घ्या. ३१ मार्चला वर्ष संपतं, सप्टेंबरअखेर वार्षिक सभा घ्यायची असते. एप्रिलपासून ताळेबंद, थकबाकीच्या याद्या, सभासदांच्या नोंदी, लेखापरीक्षणाची तयारी अशी कामं एकामागून एक येतात. वाणिज्यच्या विद्यार्थ्याला पुस्तकातला ताळेबंद खऱ्या आकड्यांत पाहायची याहून चांगली संधी नाही. साखर कारखान्याचं उलट. गाळप साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत उरकतं. त्यामुळे मे महिन्यात रसायनशास्त्राच्या मुलीला प्रयोगशाळेत रसाचे नमुने तपासायला मिळणार नाहीत. तिने हिवाळ्यात जावं. यंत्र अभियांत्रिकीच्या मुलासाठी मात्र उन्हाळाच योग्य, कारण तेव्हा गिरण्या, पंप, बॉयलर खोलून ओव्हरहॉलिंग चालतं आणि एरवी झाकलेलं यंत्र आतून दिसतं. रत्नागिरी-देवगडला एप्रिल-मे म्हणजे आंब्याची प्रतवारी, पॅकिंग, वाहतूक, ग्राहकांच्या ऑर्डरी. मालवणला मेअखेरपर्यंत पर्यटकांची गर्दी. वनस्पतिशास्त्र, मार्केटिंग, पर्यटन, इंग्रजी संभाषण यांतलं जे शिकलो ते तिथे रोज वापरात येतं. साहित्याच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथल्या दुर्मिळ पुस्तकांची सूची करायला माणसं नेहमीच कमी पडतात.

काम मागायचं कसं, हेही शिकवावं लागतं. “सर, इंटर्नशिप मिळेल का?” एवढ्या निरोपाला बहुधा उत्तर येत नाही, कारण समोरच्याला आपण नेमकं काय करायचं ते कळत नाही. “मी एम.कॉम. पहिल्या वर्षाला आहे. १२ मे ते ६ जून रोज सहा तास येऊ शकते. टॅली आणि एक्सेल येतं. तुमच्या संस्थेच्या सभासद नोंदवहीचं काम मी करू शकेन. कॉलेजचं पत्र सोबत जोडलं आहे.” अशा पाच ओळी हव्यात. आणि शक्य तिथे त्या घेऊन स्वतः जावं. आपल्याकडे लहान संस्थेचा सचिव ईमेल उघडेलच असं नाही, पण दारात आलेल्या मुलीला तो बसायला खुर्ची देतो.

आता काम देणाऱ्यांविषयी, कारण हा लेख वाचणाऱ्यांत तेही आहेत. मूल कामावर यायच्या आधी तासभर बसून ठरवा की हे वीस दिवस ते काय करेल आणि कुणाला विचारेल. एक पूर्ण होणारं काम द्या. झेरॉक्स आणि चहा यांत दिवस गेले तर आठवड्यात उमेद जाते. आणि पैसे द्या. अप्रेंटिसांसाठी १९६१ चा कायदा आहे, त्यांच्या विद्यावेतनाची किमान रक्कम नियमाने ठरलेली असते. इंटर्नला तसा आधार नाही. निदान एसटीचं भाडं आणि जेवण सुटेल इतकं तरी द्यायलाच हवं, नाहीतर गरीब घरचं मूल येऊच शकणार नाही. पुण्या-मुंबईत खोली आणि मेसचा खर्च पाहता बिनपगारी इंटर्नशिप केवळ सुखवस्तू घरांना परवडते. विद्यार्थ्याच्या श्रमाला मोल देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा विचार रुजवला. पुणे विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना आजही त्यांच्याच नावाने चालते.

सरकारी योजनांबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवीधर यांना दरमहा अनुक्रमे ६, ८ आणि १० हजार रुपये ठरले, पण ती शिक्षण सुरू असलेल्यांसाठी नाही. केंद्राच्या २०२४ मधल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या पथदर्शी टप्प्यातही पूर्णवेळ विद्यार्थ्यांना जागा नव्हती. शिकणाऱ्यांसाठी एआयसीटीईचं इंटर्नशिप पोर्टल आहे. नीती आयोगही दर महिन्याच्या १ ते १० तारखेदरम्यान अर्ज घेतो, मात्र तिथे विद्यावेतन नाही.

नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाची फी अशा नावाने कुणी आधी पैसे मागितले तर तिथून उठावं. काम देणारा पैसे घेत नाही. मुलींच्या पालकांच्या मनात येणारा सुरक्षिततेचा प्रश्न कॉलेजने स्वतःहून काढावा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, त्यांना पगार मिळो वा न मिळो. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि त्याहून लहान कार्यालयासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिचा पत्ता आणि फोन नंबर ओजेटीच्या पत्रासोबतच मुलीच्या हातात द्यावा.