न दुखणारी जखम

मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम बहुधा दुखत नाही, आणि हीच खरी चिंतेची बाब आहे. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे पायाच्या नसा बधिर होतात. चपलेत शिरलेला खडा किंवा उन्हाने तापलेली देवळाची फरशी जाणवतच नाही. त्यातच रक्तपुरवठा मंदावलेला असल्यास जखम चिघळते व प्रसंगी पाय कापावा लागतो. ‘दुखत नव्हते, म्हणून आलो नाही’ हे वाक्य आम्हांस वारंवार ऐकावे लागते.

बधिरता ओळखण्यास महागडे यंत्र लागत नाही. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यास टेकवून, मिटल्या डोळ्यांनी रुग्णास स्पर्श कळतो का, एवढेच पाहावयाचे असते. अशा पायांना मऊ एम.सी.आर. रबराच्या चपला हितावह ठरतात. त्या मूळच्या कुष्ठरुग्णांसाठीच्या. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यांच्या बधिर पायांवर मोलाचे काम केले.

वयस्कर रुग्णास वाकून स्वतःचे तळवे दिसत नाहीत. म्हणून घरच्यांना आमची विनंती, की रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. कुरूप घरी ब्लेडने कापू नये, पाय शेकू नयेत. चीर वा फोड दिसल्यास, दुखण्याची वाट न पाहता, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.