मोळीचा भागाकार

ऊसतोडीचा हंगाम मार्च-एप्रिलकडे सरतो आणि बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात माणसं परततात. सोबत पाच-सहा महिने फडावर राहिलेली लेकरंही. त्यांच्यासाठी मी मे महिन्यात सकाळी सात ते दहा उन्हाळी वर्ग घेते.

पहिल्या वर्षी थेट भागाकार सुरू केला. तिसऱ्या दिवशी निम्मी मुलं आलीच नाहीत. एकीच्या घरी गेले. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, तिथं समद्यांना येतंय. मी कशाला येऊ?"

तिला भागाकाराची भीती नव्हती. तो वर्ग तिला आपला वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिलाच विचारलं, मोळी कशी बांधतात? तिने उसाच्या वाढ्याला पीळ देऊन दाखवला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हा हिशेब या पोरांना तोंडपाठ. मग आगाऊ घेतलेली उचल, टनाचा भाव, फेडायची रक्कम असा भागाकार फळ्यावर आला, आणि ती पुढे सरकून बसली.

वर्ग आपला न वाटण्याच्या याच भावनेवर अमेरिकेतल्या ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं, पुढे ते ओसरतं, असे वरच्या वर्गातल्यांचे अनुभव त्यांनी कॉलेजात नव्या आलेल्यांना वाचायला दिले. पुढची तीन वर्षं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारत गेले.

आता पहिल्या दिवशी मी बोलत नाही. फडावरून येऊन दहावी झालेल्या मुली बोलतात.