कल्ल्यांतील पांढरे दाणे

माझी आई मासळी विकते. बोनकोडे गावातले आम्ही. खाडी जवळ, म्हणून बोय, निवटी, चिंबोरी ही नावे मला बाराखडीच्या आधी पाठ झाली. गेल्या वर्षी एका बाईंनी सकाळी नेलेली बोय दुपारी परत आणली. कल्ले उघडून त्या म्हणाल्या, "यात किडे पडलेत." खरोखरच लाल कल्ल्यांवर खसखशीएवढे पांढरे दाणे होते. आई म्हणाली, "ताजी हाय बाय, सकालचीच." पैसे परत द्यावे लागले ते लागलेच, पण चार गिऱ्हाइकांसमोर "किडे" हा शब्द उच्चारला गेला, त्याचे आईला फार लागले. मासा आम्ही घरी आणून खाल्ला.

दोघींत खरे कोण, हे पाहण्यासाठी मी कला शाखेचा विद्यार्थी असूनही प्राणिशास्त्राची पुस्तके उघडली. अशा दाण्यांची कारणे अनेक असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज निवाडा होत नाही. पण त्यांतील एक कारण असे निघाले की, मी मूळ भांडण विसरून त्याच्याच मागे लागलो.

त्याचे नाव मिक्झोझोआ. हे माशांचे परोपजीवी; त्यांच्या दोन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. २००४ साली ऐरास आणि डिसूझा या संशोधकांनी गोव्यातील बोयीच्या कल्ल्यांतून एक नवी जात वर्णिली आणि गोव्यावरूनच तिचे नाव ठेवले : मिक्झोबोलस गोएन्सिस. म्हणजे आमच्या टोपलीतल्या माशाचे नाव शास्त्राच्या दप्तरात आधीच दाखल होते!

डोळ्यांना दिसतो तो दाणा ही नुसती पिशवी. तिच्यात असंख्य बीजाणू भरलेले असतात. एकेक बीजाणू साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्याच्या टोकाशी इवल्याशा कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत स्प्रिंगसारखा गुंडाळलेला धागा. योग्य जागी पोचताच धागा सटकन बाहेर पडतो व नांगरासारखा रुततो.

शंभर वर्षांहून अधिक काळ या जिवांना एकपेशीय समजत. १९३८ मध्ये वेल यांनी लक्षात आणून दिले की, या कुप्या जेलीफिशच्या दंशपेशींसारख्याच आहेत. जेलीफिश अंगाला लागला की चट्टे उठतात ते या दंशपेशींमुळेच. पुढे जनुकांच्या अभ्यासाने हे नाते पक्के झाले. बोयीच्या कल्ल्यात चिकटलेला हा कण जेलीफिशचा भाऊबंद आहे! त्याचे पूर्वज समुद्रात मोकळे फिरत होते. दुसऱ्याच्या घरी आयते मिळू लागल्यावर तोंड गेले, आतडे गेले, मज्जातंतू गेले. राहिली ती कुपी. शाळेत मी उत्क्रांती म्हणजे पायऱ्या चढत जाणे असे शिकलो होतो. येथे तर सामान टाकत टाकत वंश टिकला आहे. कुडोआ नावाच्या एका जातीचा जनुकसंच अवघा सव्वादोन कोटी अक्षरांचा आहे. माणसाचा सुमारे तीनशे कोटींचा. सामन माशाच्या स्नायूत राहणाऱ्या हेनेगुया या जातीने तर कमाल केली. प्राणवायूवर चालणाऱ्या पेशीतल्या भट्टीचा, म्हणजे मायटोकाँड्रियाचा, जनुकसंचच तिने गमावला आहे, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. श्वास न घेणारा प्राणी! मी हे वाक्य तीनदा वाचले.

हे जीव एका माशातून दुसऱ्यात जातात कसे, हे कोडेही बरीच वर्षे सुटत नव्हते. ट्राउट माशांची पिले एका रोगात गरगर फिरतात. १९८४ मध्ये वुल्फ आणि मार्किव यांनी दाखवले की, त्या रोगाचा बीजाणू आधी चिखलातल्या ट्युबिफेक्स किड्याच्या पोटात जातो (हेच लाल किडे आपण मत्स्यालयातील माशांना खाऊ म्हणून घालतो). किड्यात त्याचे रूप अगदी पालटते, तो पाण्यात तरंगत बाहेर येतो आणि मग माशाला चिकटतो. या दोन रूपांना शास्त्रज्ञ दोन वेगळे प्राणी समजत होते. एकाच माणसाची दोन नावांनी दोन रेशनकार्डे असावीत तसे! खाऱ्या पाण्यात ट्युबिफेक्सचे काम बहुधा दुसरे वलयी किडे करतात, आणि ठाण्याच्या खाडीच्या चिखलात तशा किड्यांना तोटा नाही.

आता भांडणाकडे. दाणे फार झाले तर माशाचा श्वास कोंडतो. तळ्यातल्या रोहू-कटल्याचे त्यामुळे नुकसान होते. माणसाच्या अंगात मात्र हे जीव घर करीत नाहीत. जपानात कुडोआच्या एका जातीने लोकांना उलट्या-जुलाब झाले, पण ते कच्चा मासा खाल्ल्याने. आपल्याकडे बोय कच्ची कोण खातो? आणि मुख्य म्हणजे असे दाणे मासा जिवंत असतानाच तयार होतात. शिळेपणाशी त्यांचा संबंध नाही.

हे सारे मी आईला सांगितले. जेलीफिशचे नाते तिला मुळीच पटले नाही. शिळेपणाचे तेवढे तिने दोनदा विचारून घेतले. आता बोय विकताना ती स्वतःच आधी कल्ले उघडून दाखवते.