किती लिटरचा नव्हे, किती हेडला?

मराठवाड्यातल्या पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्यातून किंवा कालव्याखालच्या विहिरीतून पाणी उचलायला मोटर घ्यायची, तर जाणता दुकानदार आधी दोन गोष्टी विचारतो : पाणी किती खोल आणि पाइपलाइन किती लांब. मोटरीच्या पाटीवरही हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, आणि डिस्चार्ज, म्हणजे मिळणारं पाणी, शेजारीशेजारी छापलेले असतात. दहा मीटर हेडला धो धो ओतणारी मोटर चाळीस मीटरला करंगळीएवढी धार देते, हे या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. पण जोरकस टर्बो गाडीचा फ्युएल पंप बदलायची वेळ आली की हेच शहाणपण कुठे जातं कोण जाणे. तिथे एकच प्रश्न विचारला जातो, ‘किती लिटरचा?’ आणि तासाला 255 लिटरचा मिळत असेल तर 340चा मागितला जातो. माझं म्हणणं एवढंच, की गाडीचा पंप शेतातल्या मोटरीसारखाच निवडावा. खोक्यावरचा लिटरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

हिशोबच मांडू. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ज्या स्कोडाचा कारखाना आहे, तिची ऑक्टाव्हिया आरएस 2017 साली भारतात आली. ताकद 230 पीएस, म्हणजे 169 किलोवॅट. पूर्ण जोरात पळणारं टर्बो पेट्रोल इंजिन प्रत्येक किलोवॅटमागे तासाला ढोबळमानाने 320 ग्रॅम पेट्रोल पितं. म्हणजे 54 किलो, लिटरमध्ये 72-73. ट्यूनिंग करून ताकद 300 पीएसवर नेली तर साधारण 95 लिटर. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे तेवढ्याच ताकदीसाठी सहा-सात टक्के इंधन जास्त लागतं. झाले शंभर-एकशे एक. वर चौथा हिस्सा राखीव धरला तरी सव्वाशे लिटरच्या आसपास गाडी थांबते. मग 340 लिटर कशासाठी?

यावर सांगितलं जातं, की छापलेले लिटर प्रत्यक्षात मिळत नाहीत, म्हणून मोठा घ्यावा. पहिलं अर्धं वाक्य अगदी खरं आहे. खोक्यावरचा आकडा बहुधा कमी दाबाचा आणि साडेतेरा व्होल्टचा असतो. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या गाड्यांत टाकीतल्या पंपाला पाच-सहा बार दाबाविरुद्ध ढकलावं लागतं; पाण्याच्या भाषेत पन्नास-साठ मीटर हेड. जुन्या पद्धतीच्या टर्बो इंजिनात मूळ दाब तीन बार धरला, तरी टर्बोने दीड बार हवा कोंबली की रेग्युलेटर इंधनाचा दाबही तेवढाच चढवतो, म्हणजे साडेचार. ज्या क्षणी इंजिनाला सर्वांत जास्त इंधन हवं, नेमक्या त्याच क्षणी पंपाची धार बारीक होते. दुसरी गोष्ट विजेची. डीपीपासून लांबच्या विहिरीवरची मोटर व्होल्टेज पडलं की जशी कण्हते, तसाच हा पंपही. जुनाट वायर आणि काळ्या पडलेल्या पिनांमुळे साडेतेराऐवजी बाराच व्होल्ट पोचले, तर धार पंधरा टक्क्यांच्या आसपास सहज घटते. तेव्हा दुकानदाराकडे मागायचा तो पंपाचा आलेख : आपल्या दाबाला, आपल्या व्होल्टला किती लिटर. आलेख नसेल तर त्या पंपाचा आकडा कितीही मोठा असो, तो घेऊ नये. नकली माल ओळखायचाही हा एक बरा मार्ग आहे.

म्हणून वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला मान्य नाही. मोठा पंप जास्त करंट ओढतो, आणि पंपाचा वेग कमी-जास्त करणारं जे कंट्रोल मॉड्यूल थेट फवारणीच्या गाड्यांत असतं ते मूळ पंपाच्या मापाचं असतं. ते तापतं, जळतं. परतीची नळी असलेल्या जुन्या रचनेत जादा इंधन सतत टाकीत परत येतं आणि येताना इंजिनाची उष्णता घेऊन येतं. मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42-43वर असताना पेट्रोल असं तापत राहिलं, तर पंपाच्या तोंडाशीच वाफेचे बुडबुडे धरतात. शिवाय टाकीतला पंप पाणबुडी मोटरीसारखाच भोवतीच्या द्रवाने थंड राहतो. सतत तळाशी पेट्रोल ठेवून गाडी हाणणारा माणूस विहीर आटलेली असताना मोटर चालू ठेवतो आहे, असंच समजा.

आणखी एक चूक महागात पडते. थेट फवारणीच्या इंजिनात पंप दोन असतात : टाकीतला कमी दाबाचा आणि इंजिनावरचा, कॅमशाफ्टवर चालणारा, दीडशे-दोनशे बारचा. ताकद कमी पडली की लोक दुसऱ्यावर पैसे ओततात. पूर्णेवर वर येलदरी धरण आणि खाली सिद्धेश्वर आहे. येलदरीतून पाणीच सुटलं नाही, तर सिद्धेश्वरचा कालवा रुंद करून काय होणार? आधी पहिल्या पंपाचा दाब गाडी जोरात असताना मोजायचा. उभ्या गाडीत मोजलेला दाब फसवा, तो जवळजवळ नेहमी बरोबरच येतो.

नवा पंप घेताना तो इथेनॉल सोसणारा आहे, हे लिहून घ्यावं. पूर्णेच्या कालव्यावर वाढणाऱ्या उसासारख्याच उसापासूनही निघणारं हे इंधन हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर फुगवतं. मात्र पाकीट उघडण्याआधी शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर पंपाच्या कनेक्टरला लावून, इंजिन पूर्ण जोरात असताना आकडा पाहावा. तो साडेअकरा दाखवत असेल, तर तूर्त बदलायची आहे ती वायर.