महामारीनंतरच्या सभा-संमेलनांचे नियोजन

जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर केलेली कोरोना-साथीची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे घोषित केले. त्या सव्वातीन वर्षांत व्यापारी संस्थांच्या सभा, परिषदा व प्रदर्शने यांची जी घडी विस्कटली, ती अद्याप नीट बसलेली नाही. काही संस्थांनी साथ ओसरताच मंगल कार्यालये पूर्ववत् भाड्याने घेतली व संगणकावरील सभा विसरून टाकली. काहींना उलट घरबसल्या सभेची इतकी सवय जडली की नवे सभासद जुन्यांस चेहऱ्याने ओळखत नाहीत. आमच्या मते या दोन्ही गोष्टी सवयीने झाल्या, विचाराने नव्हेत. कोणते काम समोरासमोर बसूनच करावयाचे आणि कोणते दूर राहूनही होण्याजोगे आहे, हे प्रत्येक सभेपूर्वी ठरवावे लागते.

प्रथम प्रदर्शनांचे पाहू. चीनमधील ग्वांगचौ येथे १९५७ पासून वर्षातून दोनदा भरणारा कँटन फेअर जून २०२० मध्ये संपूर्णपणे संगणकाच्या पडद्यावर भरविण्यात आला. पण निर्बंध उठल्यावर एप्रिल २०२३ मध्ये तो पुन्हा पूर्वीसारखा प्रत्यक्ष भरला. आपल्याकडील जवाहिऱ्यांचे इंडिया इंटरनॅशनल ज्वेलरी शो हे प्रदर्शनही २०२० मध्ये पडद्यावर झाले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईऐवजी बंगळूर येथे प्रत्यक्ष भरले. गाव बदलले तरी चालेल, पण माल हाती घेतल्यावाचून चालणार नाही, असाच हा कौल दिसतो. त्यात नवल ते काय? ब्याडगी मिरचीचा रंग, सांगलीच्या हळदीचा वास किंवा निपाणीच्या तंबाखूचा कस पडद्यावर पारखता येत नाही. माणसाची पारखही तशीच. नव्या अडत्यास उधारीवर माल द्यावा की नाही, हे त्याच्याशी चार घटका बोलल्यावरच ठरते. आणि दोन सभासदांमधील येण्या-देण्याचा वाद दुरून मिटण्यापेक्षा चिघळतोच अधिक, असा आमचा अनुभव आहे.

याउलट हिशेबपत्रकाचे वाचन, कराच्या नव्या नियमांची माहिती, कार्यकारी मंडळाची मासिक बैठक, यांसाठी शंभर मैलांचा प्रवास कशास घडवावा? संचालक मंडळाच्या बैठकीत दूरदृश्य प्रणालीने भाग घेण्याची मुभा २०१३ च्या कंपनी कायद्यात साथीपूर्वीच होती. आपण तिकडे लक्ष दिले नव्हते इतकेच.

आता एक गोष्ट, जी आम्हांस खरोखर अस्वस्थ करते. खानापूर, रामदुर्ग, संकेश्वर अशा गावांतील लहान दुकानदारास जिल्ह्याच्या ठिकाणी दोन तासांच्या सभेस यावयाचे म्हणजे दिवसभर दुकान बंद ठेवावे लागते. पतीच्या पश्चात पेढी चालविणाऱ्या भगिनी, गुडघ्यांनी दगा दिलेले वृद्ध सभासद यांचीही अडचण तीच. साथीच्या काळात ही मंडळी प्रथमच सभेत बोलू लागली. सभा पुन्हा कार्यालयात नेताच त्यांची नावे इतिवृत्तातून नाहीशी झाली, आणि बाजार-फी, गाळ्यांचे भाडे, हमालीचे दर यांविषयीचे ठराव पुन्हा शहरातील दहा-वीस पेढ्यांच्या मताने होऊ लागले. वर्गणी मात्र सर्वांकडून सारखीच घेतली जाते.

म्हणून वार्षिक सभा तरी दोन्ही प्रकारे व्हावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. परंतु कोपऱ्यात एक कॅमेरा उभा केला म्हणजे अशी सभा होत नाही. व्यासपीठावरील वक्ता ध्वनिवर्धकापासून वीतभर सरकला की दूरच्या सभासदास केवळ ओठ हलताना दिसतात, आणि सभागृहातून कोणी जागेवरूनच प्रश्न विचारला तर तेवढेही नाही. तेव्हा फिरता ध्वनिवर्धक हवाच. दूरच्या सभासदांची बाजू सांभाळण्यास एक स्वतंत्र चिटणीस नेमावा. अध्यक्षांना थांबवून त्यांचे प्रश्न मांडण्याचा अधिकार त्याला असावा, आणि प्रश्नोत्तरांचा आरंभ शक्यतो त्यांच्यापासून करावा. आदल्या दिवशी एकदा तालीम घ्यावी. वीज गेल्यास पर्यायी सोय काय, हे सभेच्या वेळी नव्हे, तालमीत कळावे. खर्च वाढतो हे खरे. तो भोजनाच्या पदार्थांची संख्या कमी करून भागविता येईल. (सूर्यास्तापूर्वी भोजन उरकावयाचे असल्याने आपल्या सभा एरवीही वेळेवर संपतात, हा एक लाभच!)

कायद्याची बाजू मात्र नीट पाहिली पाहिजे. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ८ एप्रिल २०२० च्या परिपत्रकाने विशेष सर्वसाधारण सभा आणि ५ मे २०२० च्या परिपत्रकाने वार्षिक सभा दूरदृश्य प्रणालीने घेण्यास अनुमती दिली. पुढे तिची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली. अशा सभेत दुरून उपस्थित असलेला सभासद गणपूर्तीत धरला जातो, आणि प्रवेशाचा दुवा नियोजित वेळेपूर्वी व नंतर किमान १५ मिनिटे खुला ठेवावा लागतो. पण ही सवलत कंपन्यांसाठी आहे. आपल्यापैकी अनेक संस्था सोसायटी नोंदणी कायद्याखाली, उदाहरणार्थ कर्नाटकात १९६० च्या कायद्याखाली, नोंदलेल्या आहेत. त्यांनी कंपन्यांकडे बोट दाखवून चालणार नाही. आपली नियमावली उघडून ‘उपस्थित’ या शब्दाचा अर्थ तपासावा, आणि दुरून दिलेले मत ग्राह्य धरावयाचे असेल तर तशी दुरुस्ती रीतसर मंजूर करून घ्यावी. अन्यथा एखादा नाराज सभासद संपूर्ण निवडणुकीवरच आक्षेप घेईल.

सभागृहाची निवड करताना पूर्वी आपण पंखे व स्वयंपाकघर पाहत असू. आता हवा पाहावी. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी अडीच तासांच्या एका गायन-तालमीस ६१ जण जमले होते. त्यांपैकी ५३ जणांना लागण झाली, असा अधिकृत अहवाल आहे. बंद खोलीतील हवेचे हे सामर्थ्य. भिंतीवरील साधे वातानुकूलन यंत्र खोलीतीलच हवा थंड करून पुन्हा सोडते, बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार दर माणशी सेकंदास १० लिटर हवा खेळती हवी. म्हणजे शंभर माणसांस तासाला ३६०० घनमीटर. एवढे गणित कार्यालयाच्या व्यवस्थापकास जमेलच असे नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र जवळ ठेवावे व आकडा हजारावर गेला की खिडक्या उघडाव्यात. इन्फ्लुएन्झाच्या दिवसांतही त्याचा उपयोग होतो.

राहिली आगाऊ रकमेची बाब. टाळेबंदीत कित्येकांच्या अनामती अडकून पडल्या, कारण पावतीवर रद्द होण्याविषयी एक ओळही नव्हती. करार अशक्य झाल्यास काय, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ५६ व ६५ या कलमांत आहे. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा सरकारी आदेशाने समारंभ थांबल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल किंवा तारीख कशी बदलता येईल, हे पावतीवरच लिहून घ्यावे आणि त्याखाली दोन्ही पक्षांनी सही करावी.